येळवशीला कुणी गाव विचारत नाही

देवाचा विषय निघाला की मी चहा ठेवायला उठते. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये तो विषय आठवड्यातून एकदा तरी निघतोच. कुणाच्या सासऱ्यांचं ऑपरेशन चालू असताना घरातली समई आपोआप मोठी झालेली असते, कुणाची बस चुकलेली असते आणि नेमकी तीच बस पुढे घाटात उलटलेली असते. उलटलेल्या बसमधल्या लोकांचा देव तेव्हा कुठे गेला होता, असं मी एकदा विचारलं. तेव्हापासून हे किस्से सांगताना माझ्याकडे कुणी बघत नाही. एक नवीन आलेली शिक्षिका मात्र परवा भाबडेपणानं विचारून बसली की मॅडम, तुम्हाला कधी काही अनुभव आला का? मी नाही म्हणाले. ते खरं नव्हतं. पण मला जे आलं त्याच्या शेवटी पोस्टमॉर्टम होतं, आणि ते चिवडा खाता खाता सांगता येत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

माझे वडील औशाच्या एका शाळेत शिक्षक होते. मी त्यांना दादा म्हणायचे. मी त्यांची एकुलती एक. लातूर-औसा रस्त्याच्या कडेला आमचं थोडं शेत होतं आणि शाळा सुटली की त्यांची सायकल घरी न येता तिकडे वळायची. लोक गुरुजी म्हणायचे ते त्यांना आवडायचं, पण जीव सगळा बांधावर. आई गेल्यावर मी त्यांना माझ्याकडे नांदेडला घेऊन आले. माझं लग्न नांदेडला झालेलं, नोकरीही तिथेच. शेत कसायला कुणी उरलं नाही म्हणून विकलं. आता तिथे प्लॉट पडलेत. चुन्यानं रंगवलेले दगड रोवलेत आणि रस्त्यावर एक कमान उभी आहे. कमानीवर कुठल्याशा नगरीचं नाव आहे, नगरी अजून व्हायचीच आहे.

नांदेडला त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी शब्द गेले. चष्म्याला ते 'ते डोळ्याचं' म्हणायला लागले. मग वाटा गेल्या. सकाळी गोदावरीच्या घाटावर फिरायला जायचे ते दुपारी कुणीतरी रिक्षात घालून आणून सोडायचं. एकदा गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये पंगतीत बसून पोटभर जेवले आणि उठताना वाढणाऱ्यांना हात जोडून म्हणाले, लग्न चांगलं झालं, मुलाकडचे भले लोक आहेत. घरी येऊन माझ्या नवऱ्यानं हे सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. तेव्हा हसता येत होतं. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवले, मेंदू आकसत चाललाय म्हणाले, औषधानं फार तर वेग कमी होईल.

मग मी गेले. म्हणजे त्यांच्या डोक्यातून. एके सकाळी चहा दिला तर कप हातात घेऊन अतिशय अदबीनं म्हणाले की बाई, तुमचे लई उपकार झाले, पण आता मला घरी जाऊ द्या, माझी लेक वाट बघत असंल. मी म्हटलं, दादा, मीच तुमची लेक. त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर कीव होती. भिंतीशी हात नेऊन माझ्या कमरेइतकी उंची दाखवली आणि म्हणाले, "न्हाई हो. माझी लेक एवढी हाय."

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटत नाही. लग्नाचे अल्बम काढले. शाळेतले फोटो काढले, एक एक करून मोठी होत गेलेली मी त्यांच्यापुढे ओळीनं मांडून दाखवली. ते कौतुकानं बघायचे आणि शेवटच्या फोटोशी येऊन थांबायचे. कधी मी चिडायचे, ओरडायचे. ओरडले की ते घाबरून खुर्चीच्या कडेला सरकून बसायचे, परक्याच्या घरी बसावं तसे, आणि मग मला स्वतःचाच संताप यायचा. मला दुसरं काही नको होतं. आजार बरा होणार नाही हे मला कळत होतं, मी विज्ञान शिकवते. मला एवढंच हवं होतं की जाण्याआधी एकदा त्यांनी मला ओळखावं. अर्ध्या मिनिटासाठी. नंतर पुन्हा बाई म्हणाले तरी चालेल.

आपला मुलूख, आपली बोली कानावर पडली तर काही हलेल, या आशेनं मी लातूरला बदली मागून घेतली. नवरा नांदेडला राहिला, शनिवारी यायचा. औसा रस्त्याच्या अंगाला एक भाड्याचा फ्लॅट घेतला, दिवसभरासाठी एक बाई ठेवली. काही हललं नाही. उलट लातूरला आल्यावर त्यांचं बोलणंच थांबलं. कित्येक महिने एक पुरतं वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही. घास भरवला तर तो तोंडात तसाच राहायचा, गिळायचा असतो हेही सांगावं लागायचं.

उपाय सुचवणारे सुचवत होतेच. मारुतीला तेल घाला, अमक्या दर्ग्याचा गंडा बांधा, तमक्या महाराजांची विभूती पाण्यातून द्या. त्यातलं थोडंफार मी केलंही. माणूस करतो. पण देव परीक्षा बघतोय असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. मी स्वतः परीक्षा घेते. ज्या पोराला साधं पेन धरता येत नाही त्याला मी रोज उठून पेपरला बसवत नाही.

आता येळवशीचं सांगते, कारण लातूर-उस्मानाबादकडचे नसाल तर ती माहीत नसणार. वेळा अमावस्या, ऐन थंडीतली. ज्वारी डोक्याइतकी झालेली असते, हरभरा घाट्यावर आलेला असतो. त्या दिवशी अख्खं लातूर शेतात जातं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून खोपटासारखी कोप उभी करतात, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडतात. शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यातली आंबील, सगळं आधी पांडवांपुढे. मग कुणीतरी आंबील घेऊन पिकात शिंपडत शेताला फेरी मारतं आणि ओरडतं, वलगे वलगे सालम पलगे. याचा अर्थ कुणाला ठाऊक नाही. कानडी मुलखातून आलंय म्हणतात. आणि मग जेवण. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्याला बोलावून जेवू घालायचं, आणि तो कोण, कुठला, कशाला आला, हे विचारायचं नाही. विचारलं तर वाढण्यातलं पुण्य जातं, अशी समजूत.

दादा या कामात पुढे. आमच्या बांधावर उभे राहून रस्त्यावरच्या माणसांना हाका मारायचे. सायकलवाले, वाट चुकलेले, बकऱ्यांमागचे, कुणीही. एकदा तर त्यांनी हात आडवा करून एसटी थांबवली आणि ड्रायव्हर-कंडक्टरसकट दहा-बारा जणांना पंगतीला बसवलं. मी तेव्हा शाळेत होते, मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला. दुपारी पोटं भरली की ते मला कोपीत निजवायचे आणि स्वतः कोपीच्या तोंडाशी बसायचे.

त्या वर्षीच्या येळवशीला शाळेला सुट्टी होती. सांभाळणाऱ्या बाईनं आदल्या दिवशीच येणार नाही म्हणून सांगितलं होतं. तिचं बरोबर होतं, त्या दिवशी लातुरात कामावर कोण येतं? शेजारचे सकाळीच निघाले. निघताना दारात येऊन चला म्हणाले. मी नको म्हटलं, एवढ्या माणसांत दादा बावरले असते. दार लावलं, वरची कडी घातली. ती कडी मी मुद्दाम उंचावर बसवून घेतली होती. कितीतरी महिने त्यांना ती उघडता आली नव्हती, ती कडी आहे हेच त्यांना कळत नव्हतं. त्यांना स्वेटर-मफलर घालून खिडकीपाशी उन्हात बसवलं आणि मी कपडे धुवायला आत गेले. बाहेर आले तर दार सताड उघडं होतं आणि कडी व्यवस्थित बाजूला सरकवलेली होती.

त्या दिवशीचं लातूर ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. शटर खाली, रस्ते रिकामे, संचारबंदी लागल्यासारखं. विचारायचं कुणाला? आमच्या गल्लीत एक कुत्रं होतं. पोलीस चौकीत एकच हवालदार बसलेला, बाकीचे शेतात. त्यानं माझी तक्रार लिहून घेतली, फोटो ठेवून घेतला, आणि मग डब्याचं झाकण काढून म्हणाला, मॅडम, सकाळपासून काही खाल्लं नसेल तुम्ही, दोन घास भज्जी घ्या. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. बिचाऱ्यानं झाकण लावलं.

औसा रस्त्याच्या चौकात एक पंक्चरवाला तेवढा दुकान उघडून बसला होता. त्यानं फोटो बघून लगेच सांगितलं. म्हातारा रस्त्याच्या कडेला उभा होता, एक टेम्पो आला, शेतात निघालेल्या बायापोरांनी भरलेला. त्यांनी चला आजोबा म्हणून हात दिला आणि म्हातारा चढला. टेम्पो कुणाचा ते माहीत नव्हतं. औशाच्या दिशेनं गेला. मी नवऱ्याला फोन केला. तो नांदेडहून निघाला आणि मी स्कूटी काढली.

पुढची दुपार मी शेतांमागून शेतं फिरत होते. थांबायचं, स्कूटी कडेला लावायची, बांधावरून आत जायचं, फोटो दाखवायचा. पहिल्या काही ठिकाणी काहीच नाही. मग एका शेतात फोटो बघून बायका हसल्या. हाव, आलते की, जेवून गेले. कुठे बसले, काय खाल्लं, सगळं सांगितलं. भज्जी दोनदा घेतली म्हणे. मी विचारलं, कुणी भरवली? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. भरवायला काय झालं, आपल्या हातानं खाल्ली की. मला वाटलं, माणूस दुसराच असणार. भुवईवरच्या व्रणाचं विचारलं. व्रण होता.

पुढच्या शेतात त्याहून जास्त कळलं. तिथे त्यांनी आंबिलीचं भांडं मागून घेतलं होतं, ज्वारीच्या कडेनं फेरी मारली होती, आणि वलगे वलगे अशी हाळी दिली होती. घरातल्या तरण्या पोरांना ती हाळी धड येत नव्हती, ती त्यांनी म्हणून घेतली होती. लई खणखणीत आवाज हो तुमच्या वडलांचा, एक जण म्हणाला. महिनोन् महिने ज्या तोंडातून मी एक शब्द मागत होते ते तोंड.

मला आनंद व्हायला हवा होता. मला हेवा वाटला. ज्यांना त्यांचं नावही माहीत नाही अशा माणसांशी ते बोलले, त्यांच्या हातचं जेवले, आणि मी घास घेऊन तासन् तास समोर बसते तर ओठ मिटलेले. आतल्या जुन्या सवयी सगळ्यात शेवटी पुसल्या जातात, असं डॉक्टरांनी मला नंतर समजावून सांगितलं. ते पटतं मला. पण त्या बांधावर उभी असताना मला डॉक्टर आठवले नाहीत. मला वाटत होतं की कुणीतरी हे मुद्दाम करतंय, आणि ज्यानं कुणी दादांचं तोंड उघडलं त्यानं मला वगळून उघडलं.

प्रत्येक ठिकाणी मला बसायला सांगत होते, आधी घोटभर आंबील घ्या म्हणत होते, आणि प्रत्येक ठिकाणी मी भांडत होते. एवढा म्हातारा माणूस एकटा फिरतोय, त्याला जाऊ कसं दिलंत? थांबवलं का नाही? निदान गाव कुठलं ते तरी विचारायचं. एका शेतातल्या वयस्कर माणसाला याचं खरंच नवल वाटलं. तो रागावला नाही. हातातला तांब्या खाली ठेवून म्हणाला, "बाई, येळवशीला कुणी गाव इचारतं का?"

दादांनीही कधी कुणाला विचारलं नव्हतं.

नवरा आला तेव्हा दिवस कलला होता. शेताशेतात दूध उतू घालत होते. कडब्याचे पलिते पेटवून पोरं शेताभोवती पळत होती, आणि मग एकेक कुटुंब सामान आवरून गावाकडे निघायला लागलं. विचारायला माणसंच उरली नाहीत. आम्ही आमच्या जुन्या शेतावर गेलो, म्हणजे त्या कमानीखाली. दादा तिथे असतील असं मला पक्कं वाटत होतं. तिथे दगड होते आणि वारा होता. त्या रात्रीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आम्ही शोधत होतो आणि थंडी फार होती.

सकाळी एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

लोक आता हे सांगताना म्हणतात की गुरुजी शेवटी आपल्याच शेतात पोचले, मातीनं ओढून नेलं. तसं झालेलं नाही. ज्या शेतात ते सापडले ते रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, ओढा ओलांडून आत होतं. आमचा त्या जागेशी काडीचा संबंध नव्हता. मी प्रत्येक वेळी ही दुरुस्ती करते आणि लोकांना ती आवडत नाही.

ज्वारीतून वाट काढत आम्ही गेलो. पोलीस पाटील होता, ठाण्यातून आलेले दोघं होते. कोपीच्या तोंडाशी, कडब्याला पाठ टेकून, मांडी घालून दादा बसले होते. दुरून बघितलं तर बसलेच होते. जवळ जाऊन मी त्यांच्या गालाला हात लावला आणि मग लगेच काढून घेतला. अंगात नुसता सदरा होता, तोही झिरझिरीत. काल सकाळी मी स्वतः घातलेला स्वेटर नव्हता, मफलर नव्हता. मी विचारलं, कपडे कुठायत? त्यातला एक पोलीस म्हणाला की आत पडलेत मॅडम, या आजारात माणसं अंगावरचं काढून टाकतात, आम्ही बघितल्यात अशा केसेस. तो चुकीचं बोलत नव्हता. घरीसुद्धा ते कधी कधी भर थंडीत सदऱ्याची बटणं सोडायचे.

पण मला ते सहन झालं नाही. म्हणजे एवढं सगळं झालं, कडी उघडली, हात चालले, तोंड उघडलं, कुणी कुणी जेवू घातलं, आणि शेवटी काय, तर वेडाच्या भरात कपडे काढून थंडीनं मेले. असाच शेवट करायचा होता तर मधली ती दुपार कशाला दिली? मी कुणाला विचारत होते ते मला माहीत नाही. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्यावर इतकं चिडता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. नवरा माझा खांदा धरून उभा होता, मी त्याचाही हात झटकला.

पंचनामा चालू होता तेव्हा शेजारच्या ज्वारीत सळसळ ऐकू येत होती. एक बाई धाटांमधून एकेका ओळीनं हिंडत होती, वाकून बघत होती, मधेच उभी राहून हलक्या आवाजात हाक मारत होती. ए बाय, कुठं हायस गं. ए माय. मला वाटलं, हिचं काही जनावर सुटलं असेल. पाटलानं तिला बोलावलं, आणि माझ्या कानाशी म्हणाला की शेत हिचंच, काल ही सगळ्यात शेवटी निघाली इथून.

ती आली. माझ्याच वयाची असेल. ज्वारीच्या पात्यांनी हातांवर ओरखडे उठलेले, पदर सुटलेला. मी तिला बोलूच दिलं नाही. जितकं म्हणून साचलं होतं ते सगळं तिच्यावर ओतलं. एका म्हाताऱ्या माणसाला या थंडीत उघड्यावर टाकून घरी कशी गेलीस, तुझा बाप असता तर गेली असतीस का, असलं बरंच. ती मान खाली घालून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली,

"मी म्हणले की त्यास्नी. चला मामा, अंधार पडायलाय, आमच्यासंगं चला. तर त्यांनी असं केलं." तिनं ओठांवर बोट ठेवलं. "म्हणले, हळू बोला. माझी लेक निजलीय आत. लई खेळली, दमलीय. तिची माय यायलीय आंबिलीचं मडकं घेऊन, ती आली की जातो आमी."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो दादांकडे बघत होता.

तिनं जरा वाकून आत बघितलं होतं. अंधारात काही नीट दिसलं नाही, पांघरूण घातलेलं एवढं दिसलं. शेजारच्या वावरातली माणसं असतील, बाई मागं राहिली असेल, येईल, असं त्यांना वाटलं. येळवशीला अशी माणसं या शेतातून त्या शेतात जात-येत असतातच. म्हातारा शहाण्यासारखा बोलत होता. दुपारी त्यानंच त्यांचे तिरपे मांडलेले पांडव सरळ करून दिले होते. तिनं आपल्या पोरांना दटावून गप्प केलं आणि आवाज न करता सामान उचललं.

"गाड्या बी चालू केल्या न्हाईत, बाई," ती म्हणाली. "रस्त्यापतूर ढकलत नेल्या. पोरगी जागी व्हईल म्हणून."

आणि मग तिचा बांध फुटला. सकाळी निरोप आला तेव्हापासून ती त्या पोरीला शोधत होती. ज्वारी पाहिली, हरभरा पाहिला, ओढ्यापर्यंत जाऊन आली. पोलीस कोपीत जाऊ देत नव्हते, म्हणत होते पोरगी नव्हतीच, म्हाताऱ्याला भ्रम झाला असेल. ते तिला पटत नव्हतं. एवढ्या मायेनं बोलणारा माणूस खोटं कशाला बोलेल? लेकरू थंडीत उठून कुठंतरी गेलं असेल, पडलं असेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मी तिला इतकं बोलले त्यातलं एक अक्षर तिच्या कानात गेलं नव्हतं. तिनं माझं मनगट धरलं आणि विचारलं, "तुमी तर घरच्या हाव. सांगा की. पोरगी कुठंय?"

मी तिचा हात सोडवला आणि दादांच्या बाजूनं वाकून कोपीत गेले.

आत कडब्याचा वास होता. डावीकडे पाच पांडव, त्यांच्यापुढे कालचा नैवेद्य, त्याला मुंग्या लागलेल्या. मागच्या बाजूला, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात, कडब्याची एक पेंढी आडवी निजवलेली होती. तिच्यावर स्वेटर होता. टाकलेला नव्हता, घातलेला होता. बटणं लावलेली होती, खालची कड पेंढीखाली सारलेली होती. दोन्ही बाह्या आत दुमडलेल्या, कुठून थंडी शिरू नये म्हणून. आणि वरच्या टोकाला मफलर, दोन वेढे देऊन, कानाच्या जागी सैल आणि हनुवटीच्या जागी गाठ. मफलर तसाच बांधायचा असतो. मला दुसऱ्या कुणी कधी तसा बांधला नाही.

मी तिथे बसले. रडले असं म्हणता येणार नाही. दोन वर्षं मी त्यांच्यापुढे उभी राहून मला बघा म्हणत होते आणि ते मान हलवून नाही म्हणत होते, कारण त्यांचं माझ्याकडेच लक्ष होतं. ती एवढीशी मी त्यांच्या डोक्यातून एक दिवससुद्धा हलली नव्हती. देव कशाला म्हणतात ते मला अजून कळलेलं नाही, आणि त्या रात्री तो तिथे असेल तर त्यानं एक म्हातारा गारठू कसा दिला हेही मी त्याला विचारणार आहे. पण कोपीतून बाहेर आले तेव्हा पायाला गार माती लागली. आत जाताना मी चप्पल काढली होती. कधी काढली ते आठवत नाही.

ती बाई तिथेच उभी होती. पदर तोंडाशी धरून, माझ्या हातांकडे बघत, त्यात काय असेल या भीतीनं. माझे हात रिकामे होते.

"सापडली," मी तिला सांगितलं. "मीच ती."